वाल आणि मिझुरी

अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार हे अमेरिकेच्या आधी ठाऊक असणारा माणूस कोलोन शहरात एकच होता, आणि ते माझे मामेसासरे होते. मी त्यांना मामाच म्हणतो. मोटारींच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासणे हे त्यांचे काम. स्वतः मात्र त्यांनी मोटार घेतली नाही. कोणी विचारलेच तर म्हणत, "आत काय असतं ते मला माहीत आहे ना." ट्रामने जात आणि ट्राम उशिरा आली तर ट्रामकडे नव्हे, स्वतःच्या घड्याळाकडे रागाने बघत. त्यांचा व्हर्नियर कॅलिपर स्वयंपाकघराच्या खणात, उलथन्याशेजारी असे. लग्न झाल्यावर त्यांनी एकदा मामींच्या पोळीची जाडी मोजली होती. पुन्हा कधी मोजली नाही. त्या दिवशी काय घडले ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

अशा माणसाला अमेरिकेच्या एका राज्याचे वेड लागावे, याला कारणही कारखान्यातलेच होते. नव्वदच्या दशकात कंपनीने त्यांना काही महिने मिझुरी राज्यात पाठवले. तिथे कोणीतरी त्यांना सांगितले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिझुरी ज्याच्या पाठीशी जाते तोच अध्यक्ष होतो. अपवाद फक्त १९५६ चा. मामा परतले ते नवा धर्म घेऊनच. "हे बघा," ते पाहुण्यांना समजावत, "भोक बरोबर पडलंय का, हे आम्ही दरवेळी मोजत बसत नाही. ठरावीक मापाचं गेज असतं. ते आत गेलं तर माल पास, नाही गेलं तर बाद. अमेरिका एवढी अवाढव्य, ती कोण मोजणार? मिझुरी घालून बघायची." आणि छप्पन्न सालाचे काय, असे विचारले की शांतपणे म्हणत, "तेव्हा मी लंगोटात होतो. ते माझ्या देखरेखीखाली झालेलं नाही." जर्मन सहकारी मिसुरी म्हणत, त्यांना ते थांबवून मिझुरी म्हणायला लावत. मामींना थांबवणे त्यांना जमले नाही. मामी त्या राज्याला 'मिश्री' म्हणत. मामा सकाळी अमेरिकेचे आकडे चाळत बसले की आतून आवाज येई, "झाली का मिश्री लावून? मग दात घासा."

निवडणुकीच्या दिवशी या घरात वालाचे बिरडे होई, त्याचीही एक कथा आहे. जर्मनीत नवे असताना मामांना कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने सांगितले, "आम झोनटाग इस्ट वाल." जर्मनमध्ये निवडणुकीला 'वाल' म्हणतात, हे मामांना माहीत नव्हते. रविवारी वाल आहे, एवढेच कळले. घरी येऊन ते मामींना म्हणाले, "अगं, हे लोकसुद्धा रविवारी वाल करतात!" मामींना भरून आले. पुण्याहून आणलेले वाल भिजले, त्यांना मोड आले, ते सोलले गेले, आणि सोमवारी मामांनी बिरड्याचा डबा सहकाऱ्यापुढे ठेवून अभिमानाने सांगितले, "वाल!" तो आदल्या दिवशीच्या निकालाने आधीच खचला होता. त्याने निमूटपणे डबा संपवला आणि म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. तेव्हापासून नगरपालिकेची असो की अमेरिकेची, वाल म्हटली की वाल, ही प्रथा पडली. अमेरिकेच्या वेळी एक पोटनियम होता: मिझुरीचा निकाल लागल्याशिवाय पानावर बसायचे नाही.

सन २००० मध्ये फ्लोरिडाच्या घोळामुळे सगळे जग महिनाभर अध्यक्षाची वाट पाहत होते. मी तेव्हा बातम्यांच्या कचेरीत होतो आणि आमचे मथळे रोज बदलत होते. मिझुरीचा कौल मात्र लगेच आला. बुधवारी मामांचा फोन आला. "जावईबापू, छापून टाका."

"मामा, अजून मोजणी चालली आहे."

"निकाल लागलाय. बाकीच्यांना कळायचा राहिलाय. बिरडं गार होतंय, या."

महिन्याभराने त्यांचे खरे ठरले. मी तेव्हा काही छापले नव्हते, याबद्दल ते अजून मला क्षमा करतात.

चार वर्षांनी मिझुरी पुन्हा बरोबर निघाली. त्या जेवणात मामींनी पासपोर्टचा विषय काढला. दोघांनी जर्मन नागरिकत्व घ्यावे, ही त्यांची जुनी इच्छा होती. "इतकी वर्षं इथे राहतोय," त्या म्हणाल्या, "दर वालला मी वाल सोलते आणि मत दुसरेच देतात. मला एकदा तरी आत जाऊन फुली मारायची आहे." तुम्ही एकट्या घ्या की, असे माझ्या बायकोने सुचवले. "आणि विमानतळावर मी एका रांगेत, हे दुसऱ्या? दोघांचं होईल तर एकदम होईल." मामा वाटीत बघत होते. भारतात त्यांनी एकदाच मतदान केले होते, सत्त्याहत्तर साली. डाव्या तर्जनीवरची शाई त्यांनी कशी सांभाळली, आंघोळीला तो हात कसा वर धरला, हे आम्हा सर्वांना पाठ होते. जर्मन व्हायचे तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागणार, आणि तो परत करणे म्हणजे ते बोट परत करण्यासारखे होते. शेवटी ते हसून म्हणाले, "ज्या दिवशी मिझुरी चुकेल, त्या दिवशी अर्ज करू."

"साक्षीदार आहेत हं," मामी म्हणाल्या आणि भात वाढू लागल्या.

२००८ च्या नोव्हेंबरात बुधवारी सकाळी जग उठले तेव्हा नवा अध्यक्ष ठरला होता. मामांच्या कारखान्यात लोक एकमेकांचे हात हातात घेत होते, बेकरीवाली गिऱ्हाइकांना हसून दाखवत होती, आणि कोलोनमध्ये बेकरीवालीने हसणे ही स्वतंत्र बातमी आहे. फक्त मामा सुतकात होते. मिझुरी लटकली होती. दोन्ही उमेदवार इतके जवळ होते की निकाल जाहीर होईना. संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो तर बिरडे तयार आणि मामा पानावर बसायला राजी नाहीत.

"अहो, त्या वालांना काय कळतंय अमेरिकेचं? ठेवले तर आंबतील."

"नियम म्हणजे नियम."

आम्ही बिरडे जेवलो, मामा दहीभात. न सोललेले मूठभर मोडाचे वाल मात्र त्यांनी मागून घेतले आणि निकालापर्यंत जिवंत राहावेत म्हणून खिडकीतल्या कुंडीत पुरले. दोन आठवडे लागले. चार हजारांहूनही कमी मतांनी मिझुरी हरलेल्या उमेदवाराकडे गेली. तोवर वाल वर येऊन पडद्याच्या दोरीला धरू लागले होते.

बातमी मीच फोनवर सांगितली. मामा म्हणाले, "पुन्हा मोजतील का?" मी म्हटले, शक्यता कमी आहे. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मामींनी वचनाची आठवण करून दिली नाही. पासपोर्ट हा शब्दही काढला नाही. मिश्री म्हणणेसुद्धा सोडले. त्या कुंडीला पाणी घालत राहिल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर मामांना भांडता आले असते. ती सोय राहिली नाही. शेवटी एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "चुकलेलं गेज कपाटात ठेवायचं नसतं," ते म्हणाले. "चला, अर्ज करून येऊ."

नागरिकत्वाच्या परीक्षेत मामींना मामांपेक्षा जास्त गुण मिळाले. एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर आहेत, असे मामांचे म्हणणे अजून आहे. उन्हाळ्यात नागरिकत्व आले आणि जुने पासपोर्ट रद्द करून घ्यायला दोघे फ्रँकफर्टच्या भारतीय वकिलातीत गेले. ते परत मिळाले ते कोपरा कापून. येताना गाडीत मामा त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "सरळ कापलेलं नाही," एवढेच म्हणाले. मामींनी खिडकीची जागा त्यांना दिली.

सप्टेंबरात जर्मनीची वाल आली. मतदान मामींच्या ओळखीच्या शाळेत होते. माझी बायको आणि मी दोघांना सोबत म्हणून गेलो आणि दाराशी थांबलो. इथे प्रत्येकाला दोन मते असतात, हे कळल्यापासून मामी खुशीत होत्या. फुल्या मारून त्या भराभर बाहेर आल्या. मामा सावकाश आले. पेटीत मतपत्रिका टाकली, आणि पेटीशी बसलेल्या बाईंपुढे डावा हात धरून, तर्जनी ताठ करून उभे राहिले. बाईंनी बोटाकडे पाहिले. मग ते कुठे दाखवत आहेत म्हणून मागे वळून पाहिले. मागे फळा होता. मामा हलेनात. शेवटी बाईंचा चेहरा उजळला. कागदाने बोट कापले, असा त्यांचा समज झाला. "आख, फ्लास्टर!" असे म्हणून त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी काढली आणि मामांच्या तर्जनीला काळजीपूर्वक गुंडाळली. मामांनी वाकून त्यांचे आभार मानले.

बाहेर येताच मामी घाबरल्या. "अहो, बोटाला काय झालं?"

"काही नाही," मामा म्हणाले. "मत दिलं."

घरी बिरडे वाट पाहत होते. या वेळी कोणत्याही राज्यासाठी थांबायचे नव्हते, तरी मामांनी घास घेण्याआधी खिडकीतल्या, वेल वाळून रिकाम्या झालेल्या कुंडीकडे एकदा पाहिले. मग ते पोटभर जेवले, डावा हात मांडीवर जपून ठेवून. ती पट्टी पुढे बरेच दिवस त्यांच्या बोटाला होती. आंघोळीला जाताना ते तो हात वर धरतात, असे मामींनी माझ्या बायकोला फोनवर हळूच सांगितले.