काकांच्या अद्रकातून गेलेला रस्ता

एम.ए.ला भूगोल घेतला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी आता देशांच्या राजधान्या पाठ करणार. दोन वर्षांत मला कुणी एक राजधानी विचारली नाही. आम्ही नकाशे काढायचो. संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या लॅबला एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. उन्हाळ्यात मागचा लेण्यांचा डोंगर तापला की आख्खा वर्ग काम नसतानाही तिथं ठाण मांडून बसायचा. लई सुखाचे दिवस होते ते. इतकं मनासारखं मी त्याआधी कधीच शिकले नव्हते.

दुसऱ्या वर्षाला ग्रामनियोजनाचा प्रकल्प होता. एक गाव निवडायचं, आज ते कसं आहे त्याचा एक नकाशा काढायचा आणि पुढं तिथं काय व्हायला पाहिजे त्याचा दुसरा. मी आमचंच गाव घेतलं, पिशोरच्या पलीकडचं. शाळा गावाच्या एका टोकाला, आणि शेतात राहणाऱ्या लोकांची वस्ती दुसऱ्या बाजूला. मधे आडवं माझ्या काकांचं रान. काका कुणाला बांधावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. अद्रकाचं पीक, ठिबकच्या नळ्या तुडवल्या जातात म्हणून. त्यामुळं वस्तीवरची पोरं डांबरी सडकेनं, ट्रकच्या बाजूनं लांबून शाळेत जायची.

लॅबमध्ये बसून मी दुसऱ्या नकाशात वस्तीपासून शाळेपर्यंत रस्त्याची एक लाल रेघ मारली. ती बरोबर काकांच्या अद्रकातून गेली. मला नकाशा इतका आवडला की फोटो काढून मी आईला पाठवला. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण कौतुक आवरेना. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी गावाच्या ग्रुपवर. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं, की विद्यापीठानं रस्ता मंजूर केला! एका बाईंचा तर मला फोन आला, "ताई, आमच्या दारावरून पण घे की एक."

काकांचा फोन आला नाही. ते आईला एवढंच म्हणाले, "पुतणीनंच चुलत्याच्या रानावर रेघ मारली. चांगले पांग फेडले."

हे मला लागलं, कारण काका म्हणजे साधासुधा माणूस नव्हे माझ्यासाठी. बी.ए. झाल्यावर घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, तेव्हा वडिलांसमोर उभं राहून "शिकू द्या तिला, मी बघतो" म्हणणारे तेच. संभाजीनगरला हॉस्टेलवर माझी गादी मोटारसायकलला बांधून आणून टाकणारेही तेच. त्यांनी बोलणं टाकलं, तर मग मी कुणाच्या जिवावर शिकत होते?

पुढच्या सुट्टीत मी सरळ त्यांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, "काका, हा परीक्षेपुरता रस्ता आहे. सरकारचा नाय. कुणी एक खडा पण टाकणार नाय."

"व्हय? मग पुसून टाक."

"पुसणार नाही. तिथंच पाहिजे तो."

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते रानाकडं निघून गेले. आई मला म्हणाली, "अगं, वळव की जराशी. कागदच तर आहे." मी प्रकल्पाच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "वळव, काही हरकत नाही. फक्त का वळवलीस ते खाली लिही." काय लिहिणार होते मी? 'काका रुसले'? रेघ होती तिथंच राहिली. आमचं घराणंच तसलं, एकदा तोंडातून गेलं की गेलं. त्यानंतर सणाला घरी गेले तरी काका माझ्या ताटाकडं बघायचे, माझ्याकडं नाही. मी हॉस्टेलवर परत आले की लॅबमध्ये नकाशा उघडायचे आणि त्या लाल रेघेचाच मला राग यायचा.

तोंडी परीक्षा चांगली झाली. बाहेरून आलेल्या सरांनी रस्त्याबद्दल काही विचारलंच नाही! त्यांचा सगळा वेळ पाण्याच्या टाकीवर गेला. मी पेढे घेतले आणि गावाची बस पकडली.

सडकेवर उतरले तर वस्तीवरच्या दोन पोरी दप्तरं घेऊन काकांच्या रानातून शाळेकडं चालल्या होत्या. मी ओरडणारच होते, काका बघतील म्हणून. मग दिसलं, त्या अद्रकात नव्हत्याच. यंदाचे अद्रकाचे बेड अलीकडंच थांबवले होते आणि पलीकडं नव्यानं सुरू केले होते. मधे पट्टा मोकळा. नळ्या दोन्हीकडून वळवून घेतलेल्या. काका बांधावर बसले होते.

"काका, हे काय? लावलं नाय इथं?"

"नाय."

"अहो, तो रस्ता होणार नाहीये. मी सांगितलं होतं ना?"

"माहितीये मला." त्यांनी त्या पोरींकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्यावर रागावलो आणि रोज इथं येऊन बसायला लागलो. म्हटलं, बघतोच कोण येतं माझ्या रानात. कोणी आलं नाय. ही पोरंच दिसायची, पार तिकडून सडकेनं जाऊ राहिलेली. एक दिवस ट्रक असा घासून गेला त्या बारकीच्या अंगाला... मी इथून ओरडलो, तिला काय ऐकू जाणार?"

मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. पेढ्याचा बॉक्स तसाच हातात. इतक्या महिन्यांनी काका माझ्याशी बोलत होते, आणि मला त्यांच्या पाया पडायचंही सुचेना.

"रडती कशाला? पास झाली ना?" ते म्हणाले. "तुझ्या नकाशात किती रुंद हाये हा?"

"सहा मीटर."

"तेवढा नाय जमायचा. बैलगाडीपुरताच सोडलाय मी."

"पुरे आहे, काका," मी म्हटलं.