मेहरबानने ‘बरं’ म्हटलं

यज्द शहराबाहेरच्या वाळवंटात माणसं फिरवण्यात उस्ताद मेहरबानची सव्वीस वर्षं गेली. ऊन चढायच्या आत खरानकचं ओसाड मातीचं गाव, दुपारी चकचकच्या कड्यावरचं आमचं जरथुष्ट्री देवस्थान. ज्याला वाळूच हवी त्याला दुसऱ्या दिवशी बाफ्कच्या टेकड्या. तिथे तो चाकांतली हवा कमी करायचा आणि पाहुण्यांना पहिली टेकडी अनवाणी चढायला लावायचा. कोणी कुरकुरलं की म्हणायचा, “मोजे घालून आंघोळ करता का, साहेब?”

पुढे पाहुणे हॉटेलांच्याच गाड्यांतून जाऊ लागले. उस्ताद चौकात गाडी पुसत उभा राहू लागला. अशात एका नव्या हॉटेलला वाळवंटासाठी कायमचा चालक हवा होता. साठीच्या माणसाला अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही.

निघताना त्याची बायको सरवर म्हणाली, “आज तरी सरळ बोला. ‘आम्ही कोण हो’ करत बसलात तर घरी येऊ नका.”

“आपल्याच तोंडाने आपली आरती ओवाळू?” उस्ताद म्हणाला.

मी त्या हॉटेलात वेलची पोचवायला गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. व्यवस्थापक बाई डेन्मार्कच्या, पण फारसी चोख. शब्दन् शब्द कळायचा, तीच पंचाईत. त्यांच्यासमोर उस्ताद आणि फरामर्ज बसले होते. फरामर्ज त्याचाच चेला, वाळूत गाडी घालायला त्याच्याकडेच शिकलेला.

“इथले सगळ्यात चांगले चालक तुम्ही, असं ऐकते. खरं का?” बाईंनी विचारलं.

“छे हो, मी कसला! तुमच्या पायाची धूळ. हा फरामर्ज माझ्यापेक्षा दसपट चांगला.”

आता फरामर्जने म्हणायचं, उस्तादांपुढे मी काय! मग उस्तादने पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या फेरीला काम उस्तादच्या पदरात पडायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फरामर्जने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. दोघांच्या पोटापाण्याच्या गोष्टीत मी कशाला पडू, असं मला वाटलं. बाईंनी फरामर्जचं अभिनंदन केलं.

आठवड्याने फरामर्ज मिठाईचा डबा घेऊन उस्तादकडे आला. मी शेजारी, म्हणून मलाही चहाला बोलावलं होतं.

“उस्ताद, ते काम तुमचंच आहे,” फरामर्ज छातीवर हात ठेवून म्हणाला. “तुम्ही शब्द टाका, उद्या सोडतो.”

हेही म्हणायचं असतं. यावर ‘नाही रे, तुला लखलाभ’ म्हणायचं, की मन हलकं करून माणूस घरी जातो. उस्तादने खडीसाखर दाढेखाली धरून चहाचा घोट घेतला.

“बरं. सोड.”

फरामर्ज हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

“चेष्टा करता होय, उस्ताद?”

“चेष्टा कसली? तू म्हणालास, मी शब्द टाकला.”

“घरी दोन मुली आहेत माझ्या...”

“मग विचारायला कशाला आलास?”

सरवर दारात तोंडावर हात धरून उभी होती. फरामर्जचा चहा तसाच राहिला.

काम त्याने सोडलं नाही. गंमत अशी की गल्लीने त्याला नावं ठेवली नाहीत, ठेवली ती उस्तादला. म्हातारा शब्दाला धरून बसला म्हणे! तेव्हापासून लोक त्याच्याशी जपून बोलतात. न्हावी सगळ्यांना म्हणतो, “राहू द्या हो, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?” आणि मग घेतो. उस्तादला तो पहिल्यांदाच दर सांगतो. एखादी वस्तू छान आहे असं उस्ताद म्हणाला, तर ‘तुमचीच समजा’ असं कोणी म्हणत नाही.

परवा दुपारी मी घराच्या दारात होतो. आत जेवणासाठी अंथरलेल्या सुफऱ्यावर शूलीच्या दाट सुपाचं पातेलं वाफाळत होतं, वास गल्लीभर. समोरून उस्ताद येत होता. अशा वेळी जाणाऱ्याला ‘या, दोन घास खा’ म्हणायचं असतं, शत्रू असला तरी. तो आला नसता. इतक्या वर्षांत जेवायच्या वेळी तो एकदाही आत आलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी खाली वाकलो आणि दाराची धड असलेली कडी चाचपत राहिलो. मला माझीच लाज वाटली, पण मान वर झाली नाही.

पावलं माझ्यापाशी थांबली.

“नको, नको,” उस्ताद म्हणाला, “मी जेवूनच आलोय.”