दोन बोटं कागद

फोन आला तेव्हा मी गोल बाजारात सुमनताईसाठी मागून बंद असलेल्या सँडल बघत होते. साधी चप्पल तिच्या पायातून निसटायची आणि तिला कळायचंच नाही, म्हणून डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. दवाखान्यातून माझी मुलगी बोलत होती. "मम्मी, आ जाओ," एवढंच म्हणाली. मी दुकानदाराला सहा नंबरच बांधून द्या म्हणून सांगितलं, पिशवी हातात घेतली आणि मग तिथेच स्टुलावर बसून राहिले. त्या संध्याकाळी मी ताईला एक गोष्ट सांगणार होते. आठ दिवस सांगेन सांगेन करत होते...

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, रेल्वेच्या ऑफिसात फाइली सांभाळल्या आणि निवृत्तीनंतर सगळा जीव घरातल्या कागदांना लावला. जे महत्त्वाचं, ते लॅमिनेट करायचं, हा तिचा कायदा. माझे यजमान गेल्यावर मी तिच्याकडे ब्राह्मणपाऱ्याच्या वस्तीत राहायला आले, तेव्हा तिला म्हणाले होते, "ताई, एखाद दिवशी मलेही प्लास्टिकमंदी घालशील तू." ती हसली नाही. "तू कुठं महत्त्वाची हायेस?" म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी तिला फार थकवा आला, रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. पिवळ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. तीन महिन्यांत चेहऱ्यावर तेज आलं, रक्त वाढलं. ताई खूश. "ज्यानं गुण आला ते सोडाचं काहून?" म्हणाली आणि ती चिठ्ठी लॅमिनेट करून आणायला मला सदर बाजारात पाठवलं. दुकानात मोठं पाकीट संपलं होतं. चिठ्ठी दोन बोटं लांब पडत होती. मी कात्री मागितली आणि खालची पट्टी कापली. कापण्याआधी वाचली होती, हे आज लपवत नाही. तीन महिन्यांनी गोळी थांबवा, बी-बारा तपासून भेटा, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. रक्त तर वाढलं, आता तपासायचं काय राहिलं, असं मला वाटलं. चिठ्ठी आणि पट्टी दोन्ही ताईच्या हातात दिली, आणि विसरून गेले.

ती चकचकीत चिठ्ठी दाखवली की पाऱ्यातला औषधवाला वरच्या तारखेकडे न बघता गोळ्यांचं पान काढून द्यायचा. वर्षांमागून वर्षं. मटण, अंडी ताईनं कधीच सोडली होती, पुढे दूधही सोसेना. वर्षातून एकदा आम्ही रक्त तपासायचो. ते चांगलंच निघायचं.

मग घरात विचित्र काहीतरी सुरू झालं. भर दुपारी बोळीत ताईची एकच चप्पल पडलेली दिसायची, तोंड पुढे करून, जणू चालता चालता थांबलेली. ताई स्वयंपाकघरात एका पायानं अनवाणी. तिला दाखवली की ती परक्या वस्तूकडे बघावं तशी बघायची. तिचं चालणंही बदललं. पाय उचलून दणकन आपटायची, नजर सतत फरशीवर. मी वरच्या खोलीत असले की खालून ते दण... दण... ऐकू यायचं आणि मला वाटायचं, ही ताई नाही, दुसरंच कोणीतरी घरात फिरून राहिलंय. एकदा म्हणाली, "कोणीतरी फरशीवर रुई अंथरून जाते वं. पाय टेकतच नाही." मी चिडले. कापूस कुठं आलाय, वय झालं तुझं, म्हणाले.

सकाळी आम्ही दोघी बुद्धमूर्तीसमोर उभ्या राहून वंदना म्हणायचो. जन्मभर डोळे मिटून म्हणणारी ताई आता टक्क उघडे ठेवू लागली. "काहून डोळे उघडे ठेवते?" मी विचारलं. तिनं मूर्तीवरची नजर हलवली नाही. "मिटले का मी कुठं हावो तेच समजत नाही. पाय नसतेच." तरी मी दवाखान्यात नेलं नाही, रक्त चांगलं होतं ना. पुढे ती भिंतीला तळवा टेकून डोळे मिटू लागली. तिथल्या चुन्यावर हाताचा डाग पडला. तो मी दोनदा कुरकुरत पुसला.

पडली ती सकाळी तोंड धुताना. साबण लागला म्हणून डोळे मिटले, आणि मी नळाच्या आवाजात धप्प ऐकलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली, तशी मी ऐटीत चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट केली. "इसका नीचे का हिस्सा कहाँ है?" मग समजावलं. गोळी वाईट नव्हती. पण शरीराला बी-बारा जीवनसत्त्व मिळत नव्हतं, आणि या गोळीनं रक्त चांगलं दिसत राहिलं. आत पायांच्या नसा वाळत गेल्या, त्याचा कोणाला पत्ता लागला नाही. वेळेत तपासलं असतं तर इंजेक्शनांनी सावरलं असतं. खालच्या भागाचं मी "माहीत नाही" म्हणाले. ताई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. नवव्या दिवशी दुपारी अचानक तिचा श्वास थांबला, मोडलेल्या पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली म्हणे.

आज पाच आठवडे झाले. परवा तिचं वंदनेचं पुस्तक उघडलं, तर पानात खूण म्हणून ती पट्टी होती. कोरी बाजू वर. सहा वर्षं रोज सकाळी तिनं ती उचलली, बाजूला ठेवली, परत घातली. उलटून वाचली होती का, हे मला कधीच कळणार नाही. मी मात्र तिथेच, पुस्तकापुढे, मोठ्यानं बोलले. ताई, मी कापली. वाचून कापली.

भिंतीवरचा डाग पुन्हा गडद झालेला आहे, आता तो पुसत नाही. सकाळी त्यावर माझा तळवा ठेवते आणि डोळे मिटते. पायाखाली फरशी लागते, गारगार, पक्की. तेव्हा मला फार लाज वाटते.