धूर नको, खड्डा उपसा

चिकुनगुनिया झाला तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करत होते. ताप उतरला, पण बोटं आखडलेलीच राहिली. सकाळी मूठ वळायची नाही. सासूबाईंना तर भिंत धरून उठावं लागे. नवरा आम्हा दोघींच्या वेण्या घालायला शिकला. फार वाईट घालायचा.

त्या पावसाळ्यात वस्तीत घरटी एक तरी माणूस आडवं झालं होतं. कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. आमच्या मागून एक ओढा इंद्रायणीकडे जायचा. तिथं इमारत उठणार म्हणून राडारोडा टाकून ओढा बुजवला, तळघरासाठी भलामोठा खड्डा खणला आणि मग काम बंद पडलं. खड्डा पावसानं भरला. पाण्याला जायला वाट नाही, आणि हल्ली थंडीही लवकर पडत नाही. दिवाळी आली तरी डास होतेच.

आरोग्य खात्याची माणसं आली ती थेट आमच्या मोरीत. एकानं पिंपात बॅटरी मारली.

"ताई, अळ्या आहेत. आठवड्यातून एकदा पिंप कोरडं ठेवायचं."

"पाणी एक दिवसाआड येतं, साहेब. कधी तेही नाही. साठवायचं नाही तर प्यायचं काय?"

"ते पाणीपुरवठ्याला विचारा."

मी पिंप त्याच्यासमोर उपडं केलं, घासलं आणि त्याला मागच्या दारी नेऊन खड्डा दाखवला. त्यानं लांबूनच पाहिलं.

"ती खासगी जागा आहे. आमच्या हातात नाही."

"माझं घरही खासगीच आहे की."

त्यानं बॅटरी खिशात टाकली. जाताना दारावर अळ्या सापडल्याची नोटीस चिकटवून गेला. ती मी नखांनी खरवडून काढली. एरवी चहाचा कप नीट धरता येत नव्हता, पण तेवढं जमलं.

पुढच्या आठवड्यात धुराची गाडी आली. डिझेलच्या वासानं पोरं खोकायची आणि डास तासाभरात परत यायचे, हे आम्ही आधीच्या खेपेला पाहिलं होतं. आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसलो. सासूबाई सगळ्यांत पुढे होत्या.

ड्रायव्हरनं फोन केला, आरोग्य खात्याचे मोठे साहेब आले. "अहो, तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे."

सासूबाई म्हणाल्या, "धुरानं आमी मरू, डास न्हाई मरायचा. तो खड्डा उपसा."

"सरकारी कामात अडथळा आणलात तर गुन्हा दाखल होईल."

"करा," मी म्हणाले. "पण पंचनामा खड्ड्याच्या काठावर बसून करा. आम्ही सगळ्या तिथंच येतो."

कुणीच उठलं नाही. ऊन चढलं, शेजारणीनं चहा केला. ड्रायव्हरलाही दिला, त्यानं घेतला. साहेब बराच वेळ गाडीत बसून फोनवर बोलत होते. दुपारी पंप आला. दुसऱ्या दिवशी जेसीबीनं राडारोडा उचलला आणि ओढ्याला वाट मिळाली. जी जागा आदल्या आठवड्यात कुणाच्याच हातात नव्हती, ती एका दिवसात सगळ्यांच्या हातात आली.

पोलीस चौकीत आम्हा दोघी-तिघींना बोलावलं. दम दिला, सोडून दिलं. कंपनीत मात्र ही बातमी पोचली होती; सुपरवायझर म्हणाला, "इथं लीडरगिरी चालणार नाही." मी कंत्राटी होते. पुढच्या महिन्यापासून मला गेटवरूनच परत पाठवलं. याचा राग अजून आहे, पश्चात्ताप नाही. मी आता दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. थंडीत बोटं दुखतात, तेव्हा पोळ्या वाकड्या होतात. लोक खातात.

यंदा ओढ्याच्या खालच्या अंगाला नवं बांधकाम सुरू झालंय आणि तिथंही पाणी तुंबलंय. तिथल्या बायका मला विचारायला आल्या होत्या, साहेबांना भेटायला कधी जायचं. मी म्हणाले, साहेबांकडे नाही जायचं. त्यांना खड्ड्यापाशी बोलवायचं.