पहिल्या नंबरचा सिनेमा आणि देवळ्याचे सासरे

“मेलेला माणूस नाचतो कसा? ते सांग आधी!”

हे मी ओरडत होतो. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात, भर सकाळी, टेबलावर मूठ आपटून. ती मूठ अशी आपटली की शेजारच्या टेबलावरच्या मिसळीची तर्री उडाली आणि ती खाणाऱ्या गृहस्थांच्या कपाळाला आपोआप गंध लागलं. खोटं वाटत असेल तर ते गृहस्थ अजून आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

“तुला सिनेमा कळत नाही,” मास्तर म्हणाला. मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचा आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर असतं अशा आवाजात बोलायचा. “नायक मरतो. आई रडायला बसते. मग तिला तो आठवतो. नाचताना आठवतो, मग लहानपणी रांगताना आठवतो. काळ उलटा वाहतोय, बाबा. असं धाडस आजवर कुणी केलं नाही.”

“आईला पोराचं लफडं आठवतं? ओल्या साडीतल्या बाईबरोबरचं? सगळ्या कडव्यांसकट?”

“कला आहे ती.”

“किळस आहे ती!”

सत्तरचं दशक संपत आलं होतं. टीव्ही आमच्या घरांत यायचा होता, त्यामुळे माणसाला भांडायला सिनेमाशिवाय काही नव्हतं. आम्ही चौघं. मी, मास्तर, मनमाडला रोज जा-ये करणारा रेल्वेतला बुकिंग क्लार्क, आणि तहसील कचेरीतला एक कारकून, ज्याचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं म्हणून त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो. दर रविवारी नव्या सिनेमांचे नंबर लावायचे आणि ते हॉटेलातल्या पाटीवर, ‘आजचे पदार्थ’च्या खाली, खडूनं लिहायचे, हा आमचा रिवाज. मालक कुरकुरायचा. एकदा सिन्नरच्या एका गिऱ्हाइकानं पाटी वाचून तिसऱ्या नंबरचा सिनेमा दोन प्लेट मागवला होता.

नंबर लावायला लायक काही असतं तर गोष्ट वेगळी. पण त्या वर्षी पडद्यावर जे सांडत होतं ते पाहून मला जेवण जाईना. एका सिनेमात नायक जत्रेत हरवलेला भाऊ शोधत होता, दुसऱ्यात भाऊ नायकाला शोधत होता, आणि जत्रा तीच होती. एकातला खलनायक अख्खं उकडलेलं अंडं तोंडात कोंबून मगच धमकी द्यायचा. तो पिवळा बलक पडद्यावर बैलगाडीएवढा दिसायचा. आमच्या मागच्या रांगेतल्या एका माळकरी आजोबांनी त्या दिवसापासून पिवळा रंगच सोडला. हळदीच्या कार्यक्रमालाही जाईनात.

आणि थेटर! थेटरात पाय ठेवला की चपलेला आधीच्या खेळाचं पान चिकटायचं. मुतारीचा वास पडद्याच्या मागून सुरू व्हायचा आणि प्रेमप्रसंगाला बरोबर आपल्या रांगेत येऊन बसायचा. पण थेटराचे खरे मालक म्हणजे ढेकूण. खुर्च्यांच्या काथ्यात त्यांच्या पिढ्या नांदत होत्या. पुढच्या रांगांतले उपाशी, अंगावर धावून येणारे; बाल्कनीतले खाऊनपिऊन सुखी, चावण्याआधी जरा थांबणारे. एका दुःखी सिनेमाच्या मध्यंतरात मी शेंगदाणे घेऊन परत आलो तर माझी खुर्ची दोन रांगा पुढे गेलेली. मी नाही सरकवली. सिनेमा सुटल्यावर सगळं गाव खाजवत खाजवत घरी जायचं. कोण कुठला सिनेमा पाहून आला हे आम्ही कुठं खाजवतो त्यावरून ओळखायचो.

तर त्या रविवारी वाद या मेलेल्या नायकावरून होता. आदल्याच दिवशी तिघांनी तो पाहिलेला. मास्तर भारावलेला, मी चिडलेला, नवरदेव ढसाढसा रडून आलेला. रेल्वेवाल्यानं तो मनमाडला पाहिला होता.

“आमच्याकडे तो शेवटी मेला,” रेल्वेवाला म्हणाला.

“मनमाडला चुकीचा दाखवला असेल,” मास्तर म्हणाला, आणि रेल्वेवाल्यानं निमूटपणे चहा बशीत ओतला.

एरवी असल्या वादात मी पंधरवडाभर मागे हटलो नसतो. पण त्या दिवशी नवरदेवाचा संसार टांगणीला लागलेला होता. त्याची बायको माहेरी देवळ्याला जाऊन बसली होती. येईना. तिच्या वडिलांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तोंडी निरोप धाडला होता : जावईबापूंचं थेटर सुटेल, तेव्हा पोरगी येईल.

हा सिनेमाचा अपमान आहे, यावर आमचं चौघांचं एकमत झालं. सबंध वर्षात झालेलं पहिलं.

“काय म्हणायची रे ती?” मास्तरनं विचारलं.

“थेटरातून आलात की माझ्याजवळ येऊ नका, म्हणायची,” नवरदेव कळवळून म्हणाला. “मी तिला नायिकेचं वर्णन सांगायचो ना. तेच लागलं असणार तिला.”

“अज्ञान,” मास्तर म्हणाला. “तिनं चांगला सिनेमा पाहिलेलाच नाही. तिच्या बापानंही नाही. तुझे सासरेमामा पुढच्या शनिवारी येतायत ना? त्यांना हा दाखव. पहिल्या नंबरचा. माणूस पाझरला पाहिजे. पाझरला की पोरगी आलीच.”

“त्यांना हा दाखवलास तर पोरीचं दुसरं लग्न लावतील!” मी ओरडलो. मी माझ्या आवडीचा सिनेमा पुढे केला, ज्यात एक घोडा चक्क कोर्टात साक्ष देतो. निदान तो घोडा मरून पुन्हा नाचत नव्हता. मी इतका ओरडलो की समोरच्या भांड्यांच्या दुकानातले तांबे आपोआप वाजायला लागले, आणि मग माझा घसाच बसला. घसा बसला म्हणून ठराव एकमतानं मंजूर झाला. मास्तरनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. वर बटाटेवडा, खाली तो सिनेमा.

शनिवारी मामा आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात जावयासाठी कांद्याची पिशवी. मोजकं बोलणारा माणूस. तीनच्या खेळाला आम्ही पाचही जण एका रांगेत बसलो. एका टोकाला नवरदेव, त्याच्या शेजारी मामा, मग मास्तर, मी आणि रेल्वेवाला. नवरदेव पडद्याकडे बघतच नव्हता, सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

दिवे गेले. नावांच्या पाट्या झाल्या. आणि पडद्यावर नायक रांगत आला.

“हे काय?” मास्तर दचकला. “हे शेवटी होतं!”

रांगणारं पोर मोठं झालं. शाळेत पहिलं आलं. आईनं शिवणाचं मशीन चालवलं. इतक्यात मामा उठले. रांगेतून बाहेर गेले आणि बाजूच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

“मामा उठले रे,” नवरदेव रडवेला झाला. “चालले!”

“चालले नाहीत, उभे आहेत,” मास्तर कुजबुजला. “भारावलेत. मोठं काही समोर आलं की माणसाला बसवत नाही.” पण त्याच्या आवाजात नेहमीचं मागचं पान नव्हतं. पडद्यावर नायक कॉलेजात गेला, ओल्या साडीतल्या बाईबरोबर नाचला, सगळं अगदी क्रमानं, एकामागून एक. मध्यंतर होताच मास्तर ऑपरेटरच्या खोलीकडे जिने चढत धावला. मी त्याच्या मागे. असलं दृश्य मी कसं सोडीन?

“रिळांचे डबे चुकवलेत तुम्ही!” मास्तरनं दार ठोठावलं. “सगळा सिनेमा नासवलात!”

आतून बनियनमधला ऑपरेटर भाकरीचा घास हातात घेऊन बाहेर आला. “आज बरोबर लावलेत, गुरुजी. गेल्या शनिवारी नाशिकरोडच्या थेटरातून डबे येताना द्वारका चौकात रिक्षा कलंडली. डबे चिखलात. वरचे आकडे दिसेनात. हाताला लागले तसे लावले. कुणी बोललं नाही.”

मास्तरनं आतल्या डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “आजही तसेच लावा.”

“काय?”

“तसेच लावा! एका माणसाच्या संसाराचा प्रश्न आहे!”

ऑपरेटरनं दार लावून घेतलं.

मला खरं तर नाचायला हवं होतं. शंभर जणांदेखत माझं खरं ठरलं होतं. पण खाली येऊन उरलेला सिनेमा पाहिला आणि नाचायचं राहूनच गेलं. उलटासुलटा होता तेव्हा निदान पुढं काय होणार हे कळत नव्हतं. सरळ लावल्यावर तो बाकीच्या सगळ्यांसारखाच निघाला. नायक खोकला, रक्त ओकला, ते रक्त म्हणजे उघड उघड गुलाबाचं सरबत, आणि आईच्या मांडीवर मेला, शेवटी, मनमाडला मेला तसाच. रेल्वेवाला एक अक्षर बोलला नाही. ते मला सर्वांत झोंबलं. आठवडाभर आम्ही ज्याच्यासाठी गळे फाडले, ती कला एका रिक्षानं केली होती.

मामा मात्र अखेरपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. एवढीच आशा उरली होती.

खेळ सुटला. बाहेर सोड्याच्या गाडीपाशी आम्ही मामांभोवती गोल केला. नवरदेवानं सोड्याची बाटली मामांपुढे धरली.

“मामा,” त्यानं विचारलं, “कसा वाटला?”

“बरा शे.”

‘बरा आहे’ एवढ्यानंच मास्तरला धीर आला. तो पुढे सरसावला. “तुम्ही अख्खा खेळ उभ्यानं पाहिलात, मामा. नेमक्या कोणत्या प्रसंगाला उठावंसं वाटलं?”

मामांनी उपरणं काढून दोनदा झटकलं. मग वाकून धोतराच्या निऱ्या उलटल्या, त्यातलं काहीतरी चिमटीत धरून खाली टाकलं आणि वहाणेच्या टाचेनं चिरडलं. आम्ही चौघांनी त्या डागाकडे पाहिलं. आणि, शपथेवर सांगतो, चौघांनीही एकाच वेळी मान खाजवली.

“मामा,” नवरदेव अगदी हळू म्हणाला, “मग हिला पाठवणार ना?”

“तिचं पिक्चरशी काही भांडण नाय, पाव्हणं,” मामा म्हणाले. “गादी उन्हात घाला. ढेकणं गेली का धाडतो.”