तिने खिडकी का उघडली

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या फिल्म क्लबने एक जुना स्वीडिश सिनेमा दाखवला. शेवटी म्हातारा बाप मरायला टेकलेला असतो. त्याने जिचं आयुष्य नासवलं, ती मुलगी बर्फातून येते. तो हात पुढे करतो. ती नुसती हाताकडे बघते, जाऊन खिडकी उघडते आणि पडदा काळा होतो.

चर्चेत सर म्हणाले, "खिडकी म्हणजे क्षमा. ती त्याच्या आत्म्याला वाट करून देते."

मी उठलो. "नाही सर. माफच करायचं तर हात धरला असता. तिने थंडी आत घेतली."

सगळे हसले. सरही हसले. "अरे, तुझा कुणी काका-मामा आहे वाटतं असा!"

होता. वडील मुंबईला गोदीत, म्हणून घरात थोरल्या काकांचा शब्द चाले. मला मुंबईच्या हॉटेलात चिकटवायचं त्यांनी ठरवलं होतं. मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र खाडीपलीकडे. पहिल्या पेपरला त्यांनी तरीवाल्याला दम भरला, याला होडीत घ्यायचं नाही. मी काठावर रडत उभा आणि काका वर बांधावर विडी ओढत बसलेले. वर्ष गेलं. पुढल्या खेपेला शाळेतल्या बाईंनी मला आधीच खाडीपलीकडे स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं, म्हणून घराण्यातला पहिला पदवीधर झालो. बाईंचे उपकार मी विसरलो नाही. काकांनी केलेलंही विसरलो नाही.

माझा निकाल लागला त्याच वर्षी काका गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून, खाली येईनात. चुलतभावाने आईला सांभाळीन, गुरं विकणार नाही, सगळं कबूल करून पाहिलं. ऊन चढलं. मग सगळे माझ्याकडे वळले.

"तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा. 'माझा राग नाय' म्हण, नि मोकळा कर."

मी नुसता कावळ्यांकडे बघत राहिलो.

"ग्रॅज्युएट झालास, नि तोंड काय कॉलेजात ठेवून आलास?"

दोन-तीन शब्दांचं काम होतं. मी ते दिले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परत निघालो तेव्हा तरीवाला तोच. त्याने मान खाली घालून हात पुढे केला. तो मी धरला.

होडी खाडीच्या मध्यावर आल्यावर मागे पाहिलं. कावळे अजून झाडावरच होते. मला बरं वाटलं.