वडिलांच्या मेंदूचं माप

१४ जुलै २०१५. एमआरआयचे साडेसहा हजार रुपये. हजर: मी, धाकटा भाऊ आणि वडील. पैसे वडिलांनी स्वतःच्या खिशातून दिले, कारण आपलं डोकं शाबूत आहे हे त्यांनाच दाखवायचं होतं.

पनवेलला एसटी स्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्या महिन्यात त्यांनी दोन गिऱ्हाइकांची घड्याळं एकमेकांना दिली. आम्हा भावांना दुकान भाड्याने द्यायचंच होतं. मेंदूचा एमआरआय काढू, ठीक आला तर दुकान चालू, नाहीतर बंद, असं ठरलं.

रिपोर्टात मेंदूचं आकारमान वयाच्या मानाने फार कमी आलं. रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "अण्णा, गाळा मोठा, माल थोडा." मी हसलो. वडिलांनी दुकानाची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली.

महिन्याभरात तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसला. वडिलांची हत्यारं आम्ही भंगारात घातली.

नंतर फाइल लावताना मी रिपोर्टातले आकडे ताडून पाहिले. मेंदूची उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होती. माणूस एकाच बाजूने एवढा कसा झिजेल? मी एमआरआय काढलेल्या सेंटरवर गेलो.

तिथल्या तंत्रज्ञाने पडद्यावर दाखवलं. माप घेण्याआधी कॉम्प्युटर चित्रातली कवटी आपोआप सोलून काढतो. वडिलांच्या वेळी कवटीबरोबर मेंदूचाही एक पट्टा सोलला गेला होता.

"हे डोळ्यांनी बघून हाताने नीट करायचं असतं, काका. त्या दिवशी राहिलं."

तो पट्टा मोजणीत परत धरल्यावर माप वयाला साजेसं आलं. वडील घड्याळ उघडलं की स्क्रू मोजून पांढऱ्या कागदावर ठेवत आणि झाकण लावताना पुन्हा मोजत.

भावाला सांगितलं. "दादा, आता बोलून काय? अकरा महिन्यांचा करार झालाय," तो म्हणाला. मी नवा रिपोर्ट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दिवाळीच्या आधी घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. बघता का, म्हणून मी वडिलांना विचारलं.

"नको रे. माझ्या हातून बिघडेल. माझ्या डोक्याचं तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

सेंटरने साडेसहा हजार परत केले. ते मी दुकानाला भाडेकरू आणून देणाऱ्या दलालाला दिले.